नंबर तीनसाठी सोडलेला आंबा

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घराण्याचं आजवर जे काही छापून आलं ते लग्नपत्रिकांवर आणि बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, पूजेच्या पत्रकांवर, आणि तिथंही आमची नावं शेवटून कुठंतरी. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळं मला लिहिता येत असणार अशी घरच्यांची समजूत आहे. ती खोटी पाडायला लाज वाटते. माझं शिक्षण सातवीपर्यंत मराठीत, तिथून पुढं कन्नड आणि इंग्रजीच्या मधोमध झालं. त्यामुळं कुठलीच भाषा माझ्याकडं पुरती मुक्कामाला आलेली नाही. चुका होतील, त्या पोटात घालाव्यात.

दुसरी माफी विषयाबद्दल. आयुष्यात काही मोठं घडलं म्हणून लोक लिहितात. मी लिहितोय ते एका कॉम्प्युटर गेममध्ये घडलं, आणि त्यातलंही निम्मं माझ्यापेक्षा माझ्या आईला घडलं. तरीही लिहायचं धाडस करतोय, कारण गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या घरात या एका गोष्टीइतकी काळजी दुसऱ्या कशाची कुणी केलेली नाही.

आमचं गाव सदलग्याच्या अलीकडं. मी बेळगावात इंजिनिअरिंगला आहे आणि जवळच मच्छेत काकांकडं राहतो. काका म्हणजे आप्पांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये ते टर्नर आहेत. त्यांच्या ऑफिसनं कॉम्प्युटर बदलले तेव्हा जुन्यातला एक त्यांनी माझ्यासाठी आणला. गेम त्यात आधीपासूनच होता. ऑफिसातलं कोण खेळत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. काका म्हणाले, "म्हणून तर बिलं उशिरा निघायची." जॉयस्टिकही काकांनीच कुठून तरी मिळवली. तिचं बूड घासलेलं होतं, टेबलावरून सरकायची. काकांनी ती एका पाटाला नटबोल्टनं आवळून टाकली. आजही ती पाटासकट मांडीवर घेऊनच खेळावी लागते.

गेम समजावून सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आकाशाच्या पार पलीकडं दोन बाजूंची लढाई चाललेली असते. आपण एका छोट्या लढाऊ यानाचे पायलट. एक मोठं मुख्य जहाज असतं, तिथून उडायचं, काम करायचं आणि परत यायचं. प्रत्येक कामगिरीआधी पांढऱ्या मिशांचा एक साहेब नकाशावर बोट ठेवून इंग्रजीत सांगतो, आज कुणाला सोबत करायची, कुणाला अडवायचं. परत आल्यावर तोच साहेब शाबासकी देतो नाहीतर झाडतो. आपल्याबरोबर आणखी तीन यानं असतात, नंबर दोन, तीन आणि चार. ती आपली आपण उडतात, रेडिओवर बोलतात, आपण फक्त हुकूम द्यायचा. एक कामगिरी पार पडली की पुढची उघडते, आणि मागं जे झालं ते पुढं लक्षात ठेवलं जातं.

मी तसा बुजरा आहे. कॉलेजात सरांनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही माझा हात वर जात नाही. पण त्या यानात बसलो की मी तिघांना हुकूम सोडायचो आणि तिघंही "हो" म्हणायचे. मला ते आवडायचं. काका सुट्टीच्या दिवशी खेळायचे आणि दर वेळी उडाल्याउडाल्या आपल्याच मुख्य जहाजाला धडकायचे. "दार लई अरुंद ठेवलंय ह्यांनी," म्हणायचे.

मे महिन्यात सुट्टीला जाताना कॉम्प्युटर गावी न्यायचं ठरलं. धाकटी बहीण पीयूसीला, म्हणजे तुमच्या अकरावी-बारावीला, आहे, तिला कॉम्प्युटर विषय होता आणि घरात कॉम्प्युटर नव्हता. वाकळेत गुंडाळून, निपाणीत गाडी बदलून, मी तो मांडीवरून घरी आणला. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "टीव्ही व्हय?" मी व्हय म्हणालो. सांगत बसणं अवघड होतं.

आमच्याकडं दुपारी उन्हाची कामं नसतात. मी आणि बहीण सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, खेळायचो आणि आई मागं बसून बियाणाच्या शेंगा फोडायची. पहिले काही दिवस ती नुसतं ऐकत होती. मग एका दुपारी तिनं विचारलं, "आत्ता फुटलं ते काय हुतं रं?"

"यान."

"कुणाचं?"

"तिकडच्यांचं."

"आत माणूस असतोय?"

आईशी मला खोटं बोलता येत नाही. आणि बोलूनही उपयोग नव्हता, पडद्याच्या कोपऱ्यात हेल्मेट घातलेला चेहरा दिसतो. "असतोय," मी म्हणालो.

आईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, "मग ह्या घरात न्हाय."

बहीण म्हणाली, "आई, चित्र हाय गं ते."

"चित्र हाय तर तुझ्या अण्णाचं हात का वल्लं झाल्यात? चित्राला मारताना कुणाला घाम फुटतोय व्हय?"

मी हात विजारीला पुसले. ज्या घरात पाणी गाळून पितात, संध्याकाळचं जेवण दिवस बुडायच्या आत उरकतात आणि कांद्याला उंबरा ओलांडू देत नाहीत, त्या घरात मी आठ दिवस माणसं उडवत होतो. खरं सांगायचं तर तोपर्यंत मला ते सुचलंच नव्हतं.

आप्पा पडवीत पडल्या पडल्या ऐकत होते. त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून विचारलं, "तिकडचे म्हंजे कोण पर?"

बहीण म्हणाली, "काय की. त्यांचा सीमेचा वाद हाय."

"थितं बी?" आप्पा म्हणाले. "मग कोर्टात जाऊ देत की. चालतंय निवांत."

गेम दोन दिवस बंद राहिला. तिसऱ्या दिवशी बहीण गेमची सगळी माहितीची पानं वाचून आली. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, हेही इथं लिहून ठेवतो. तिनं शोधून काढलं की यानाला दोन तोफा असतात. लाल तोफेनं यान फुटतं. निळ्या तोफेनं फुटत नाही, फक्त त्याचं इंजिन आणि लाइट जाते. मग ते नुसतं तरंगत राहतं, आतला माणूस सुखरूप.

तिनं आईला हे समजावलं. आईनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत हवा ऱ्हाती न्हवं?"

"ऱ्हाती."

"बघून सांग."

बहिणीनं पुन्हा वाचलं. राहते असं लिहिलं होतं. आई म्हणाली, "मग खेळा."

तेव्हापासून आम्ही फक्त निळी तोफ वापरू लागलो. हे दिसतं तितकं सोपं नाही. निळी तोफ हळू चालते आणि अगदी जवळ जावं लागतं. त्यात पहिल्या कामगिरीला साहेबांनी सगळी शत्रूची यानं नष्ट करा म्हणून सांगितलं होतं. मी सगळी बंद पाडून परत आलो तर साहेब तांबडेलाल. कामगिरी फेल. बहिणीनं मग ओढायचं जहाज शोधून काढलं. रेडिओवर बोलावलं की ते येतं आणि बंद पडलेल्या ट्रॅक्टरला दुसरा ट्रॅक्टर साखळी लावून नेतो तसं त्या यानाला आपल्या मुख्य जहाजात घेऊन जातं. तसं केलं तर साहेब चालवून घेतात, एवढंच नाही तर शाबासकी देतात.

आईला ओढायचं जहाज फार आवडलं. ते दिसलं की शेंगा बाजूला ठेवून बघायची. "ह्यो खरा कामाचा माणूस," म्हणायची. हळूहळू सूप मागं राहिलं आणि आई पुढं सरकत पाटाजवळ आली. मी यान वळवत असताना मागून आवाज यायचा, "डावीकडं एक ऱ्हायलाय बघ. त्यो बघ, त्यो." खरंच राहिलेला असायचा.

दिवस मावळतीला आला की आई उठायची आणि सगळं थांबायचं. "चला, त्यांस्नी बी जेवू दे," म्हणायची. त्यांस्नी म्हणजे नंबर दोन, तीन आणि चारला.

त्यातला नंबर तीन तिचा लाडका. नंबर दोन सारखा स्वतःची बढाई मारायचा, नंबर चार घाबरट. नंबर तीन मात्र रिकाम्या वेळेत रेडिओवर काहीतरी गुणगुणायचा आणि लढाई सुरू होताना दर वेळी एकच वाक्य बोलायचा. बहिणीनं त्याचं मराठी करून ठेवलं होतं, "मी हाय मागं." पुढं पुढं आई तो बोलायच्या आधीच म्हणायची, "मी हाय मागं." आणि मग नंबर तीन म्हणायचा.

आता जे झालं ते सांगतो.

एका कामगिरीत आमचं एक ठाणं रिकामं करायचं होतं. ठाण्यातली माणसं मोठ्या वाहतुकीच्या जहाजांत भरायची आणि ती निघून जाईपर्यंत आम्ही तिकडच्यांना अडवून धरायचं. त्या दिवशी ओढायचं जहाज मिळणार नाही असं साहेबांनी आधीच सांगितलं होतं. ते जखमींना नेण्यात गुंतलं होतं. मी नेहमीप्रमाणं निळ्या तोफेनं एकेक यान बंद पाडत गेलो आणि ती तशीच तरंगत सोडून पुढं सरकलो. काम छान चाललं होतं. एक मोठं जहाज गेलं, दुसरं गेलं. दिवस बुडायला आला होता. आईनं ताटं वाढून ठेवली होती, पण तिनं हाक मारली नाही. स्वतःच येऊन उभी राहिली.

शेवटचं जहाज सुटलं आणि बहीण टाळी वाजवायला गेली, तेवढ्यात मागं तरंगणाऱ्या यानांतल्या एकाची लाइट आली. बंद पडलेलं यान बऱ्याच वेळानं परत चालू होतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आजवर आम्ही कुणाला एवढा वेळ सोडलंच नव्हतं. त्यानं पहिला नेम धरला तो माझ्या पाठीवर. मध्ये नंबर तीन आला.

त्याचं यान फुटायच्या आधी तो बाहेर पडला. रेडिओवर म्हणाला, "मी बाहेर आहे." मग साहेबांचा हुकूम आला, सगळ्यांनी ताबडतोब परत या, मुख्य जहाज निघतंय. मी यान वळवून त्याच्याकडं जायला निघालो तर गेमनं हातातून सुकाणू काढून घेतलं आणि आम्ही परत आलो. कामगिरी फत्ते. साहेबांनी शाबासकी दिली. फळ्यावर आमच्या तुकडीची यादी येते, त्यात नंबर तीनच्या पुढं एक इंग्रजी शब्द होता. आईनं त्यावर बोट ठेवलं.

"बेपत्ता," बहीण म्हणाली.

"म्हंजे मेला न्हाय?"

"न्हाय. पर सापडला बी न्हाय."

तोवर बाहेर अंधार झाला होता. दिवस बुडाल्यावर आई जेवत नाही, आणि आई जेवली नाही म्हणून आम्हीही ताटावर बसलो नाही. आप्पा एकटेच आधी जेवून मोकळे झाले होते. हात पुसत म्हणाले, "कोण गेलं रं?" आई एवढंच म्हणाली, "म्या मारू नगा म्हणालो म्हणून त्यो गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बस्तीतून परत आली ती नेम घेऊनच. नंबर तीन परत येईपर्यंत आंबा खायचा नाही.

आमच्यात हे नवीन नाही. एखादी गोष्ट मनासारखी व्हावी म्हणून आवडता पदार्थ सोडतात. पण मे महिना होता. आमच्या बांधावरच्या रायवळ आंब्याची आढी खोलीत पिकायला घातलेली होती, सगळं घर त्या वासानं भरलं होतं, आणि आईला आंब्याइतकं दुसरं काहीच आवडत नाही.

आप्पांना हसू आवरेना. "पोरगा बारावीला बसला तवा काय सोडलीस गं?"

"कारलं."

"कारलं तुला आवडतच न्हाय."

"म्हणून तर काठावर पास झाला न्हवं," आई म्हणाली. "ह्या खेपंला चूक करत न्हाय."

मी आईला सांगितलं की गेममध्ये सोय आहे. तीच कामगिरी पुन्हा पहिल्यापासून खेळता येते. या वेळी मागं लक्ष ठेवू, नंबर तीन वाचेल, नेम सुटेल. मला ही फार सोपी वाट वाटली होती. आई म्हणाली, "त्यो दुसरा नंबर तीन. त्यो वाचला तर बरंच. पर बाहेर तरंगतोय त्याचं काय?"

बहीण म्हणाली, "बरोबर हाय आईचं." ती पुन्हा खेळायची सोय आम्ही त्यानंतर कधीच वापरली नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, मोबाइलवर शोधलं असतं तर पुढं काय होतं ते कळलं असतं. शोधलं. जगभरच्या लोकांनी या गेमबद्दल पानंच्या पानं लिहिलेली आहेत. पण नंबर तीन बेपत्ता झाल्याचं कुणीच लिहिलेलं नव्हतं, कारण त्या कामगिरीत सगळे लाल तोफ चालवतात. मागं तरंगत कुणाला सोडतच नाहीत. मी भीत भीत इंग्रजीत एक प्रश्न टाकला. खूप दिवसांनी कुणीतरी एकानंच उत्तर दिलं. त्यानं उलट मलाच विचारलं होतं की असं कोण खेळतं.

मग मी आईला विचारलं, आता लाल तोफ वापरायची का. तिच्यासाठी मला ते विचारावंसं वाटलं, कारण ती स्वतःला दोष देत होती. आईनं मान हलवली. "न्हाय. पर बंद पाडलं की तसंच सोडायचं न्हाय. वडून आणायचं. एक बी मागं ठेवायचा न्हाय." म्हणजे नियम सुटायच्या ऐवजी आणखी कडक झाला. ओढायचं जहाज येईपर्यंत आता प्रत्येक बंद यानाभोवती आम्ही राखण करत फिरायचो. कामगिऱ्या लांबल्या. मुख्य जहाजात पकडून आणलेल्यांची गर्दी झाली. "त्यांस्नी जेवण देत्यात न्हवं?" असं आईनं एकदा विचारून घेतलं.

सुट्टी संपली. कॉम्प्युटर बहिणीसाठी घरीच ठेवून मी मच्छेला परत आलो. मला लॅब होती, तिला गरज जास्त होती, आणि खरं तर ती खेळायचीही माझ्यापेक्षा चांगलं. पण तिचा अभ्यास होता, म्हणून आईनं फक्त सुट्टीच्या दिवशी खेळायची परवानगी दिली. इथून पुढचं मला सगळं फोनवर कळत गेलं.

जूनमध्ये लोणच्याचे आंबे आले आणि घरात वाद झाला. कच्चा आंबा हा आंबा आहे की नाही? आमच्याकडं लोणचं चालतं, बस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना ते फारसं पटत नाही तरी. आप्पांचं म्हणणं, नेम पिकल्या आंब्याचा आहे. आई म्हणाली, "हिरवा असला म्हणून झाड बदलतंय व्हय?" तिनं बरणीभर लोणचं घातलं, पण चव बघितली नाही. बोटही चाटलं नाही. इतक्या वर्षांचा हात, त्यामुळं चुकायचं नाही असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पहिल्या घासाला आप्पांनी बहिणीकडं बघितलं, बहिणीनं आप्पांकडं. दोघंही पाणी प्याले आणि छान झालंय म्हणाले.

मच्छेत काका रोज विचारायचे. उद्यमबागेतून गाडीवरून उतरले की हेल्मेट काढायच्या आधी, "गावला काय?" मी अजून सापडला नाही म्हणायचो. काकांनी त्यांच्या मशीनशॉपमध्येही ही हकिकत सांगितली होती. तिथले लोक त्यांना विचारायचे, ते मला विचारायचे. एकदा म्हणाले, "वैनी म्हंजे कमालच हाय. मला आठवतंय, माझ्या ऑपरेशनच्या वेळी तिनं नुसतं ताक सोडलं हुतं." मग हेल्मेट काढत, "ताक तिला आवडतंय न्हवं?" मी आवडतं म्हणालो. त्यांना बरं वाटलं.

मीही बदललो होतो, थोडासा. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या मुलाचं सर्किट चालत नव्हतं आणि सर पुढच्या टेबलाकडं निघाले होते. एरवी मी माझं काम संपवून बाहेर पडलो असतो. त्या दिवशी हात वर केला आणि म्हणालो, "सर, ह्याचं राहिलंय." आवाज फार मोठा आला नाही, पण आला. सर परत फिरले. आईचं "एक बी मागं ठेवायचा न्हाय" डोक्यात बसलं होतं, एवढंच त्यामागचं कारण.

जुलै गेला. बाजारातले आंबे संपले. बहिणीचे फोन यायचे. आज एक कामगिरी झाली, बातमी नाही. आज लाइट गेली. आज साहेबांनी नकाशावर एक नवीन जागा दाखवली, पण नंबर तीनचं नाव काढलं नाही. आई मागं बसून यादी बघते आणि उठते. शेवटच्या काही कामगिऱ्या उरल्या होत्या. मला खरी भीती ही होती की गेम संपेल आणि तो शब्द तसाच राहील. गेम बनवणाऱ्याला कुठं ठाऊक असणार की सदलग्याजवळ एक बाई आंबा सोडून बसली आहे. आणि आईनं घेतलेला नेम ती मोडत नाही. म्हणजे पुढच्या मे महिन्यातही, त्याच्या पुढच्याही, आढी पिकणार आणि आई ताटातली फोड आप्पांच्या ताटात सरकवणार. गेम मी घरी आणला होता.

ऑगस्टमध्ये गावाजवळच्या दूधगंगेला पाणी वाढलं आणि आमच्या तालुक्यात शाळा-कॉलेजांना सुट्टी दिली. बेळगावात आमचं कॉलेज चालू होतं. त्या दिवशी लॅबमधून बाहेर आलो तर मोबाइलवर बहिणीचे कितीतरी कॉल येऊन गेलेले. पाण्याची बातमी असेल असं वाटलं. परत लावला तर लागेना. तसाच उद्यमबागेत काकांच्या गेटपाशी गेलो. शिफ्ट सुटत होती, माणसं गाड्या काढत होती. काका रेनकोट चढवत बाहेर आले आणि माझा चेहरा बघून नेहमीचा प्रश्न न विचारता थांबले.

तेवढ्यात फोन आला. बहीण होती. मी पहिलं विचारलं, "पाणी कुठवर आलंय?"

"पाणी हाय तिकडंच, खालच्या मळ्याच्या पल्याड. थांब, आई बोलती म्हणती."

आई स्वतःहून फोनवर येत नाही. आली की आधी सगळ्यांची चौकशी करते. त्या दिवशीही तिनं तसंच केलं. "जेवलास काय? तिकडं पाऊस हाय? काकाचा खोकला कसा हाय?" मी सगळ्याला उत्तरं दिली. काका कान लावून उभे होते.

"आई, झालं काय?"

"अरं, ते सायबानं सकाळी नकाशा दावला," आई म्हणाली. "आपण वडून आणलेली ती समदी पोरं त्यांस्नी परत द्यायची ठरलं. त्यांच्याकडं आपली हुती ती त्यांनी द्यायची. दोन्हीकडनं जहाजं मधी आली. तुझी भन मधी राखण करत हुती, कुणी गोळी घालू ने म्हणून. कुणी घातली न्हाय. तिकडचं जहाज जवळ आलं आणि आतनं कोणतरी गुणगुणाय लागलं. म्या वळखलं. ही म्हणती, थांब, नाव येऊ दे यादीत. म्या म्हणालो, यादी कशाला पायजे. तवर त्योच बोलला. मी हाय मागं म्हणाला."

काकांनी भुवया उंचावून विचारलं. मी मान हलवली. काका तिथंच गेटवरच्या वॉचमनला म्हणाले, "गावला." वॉचमनलाही ठाऊक होतं.

"आई," मी म्हणालो, "पर आता आंबा कुठला?"

"आंबा कुठला," आई म्हणाली. "लोणचं खाल्लं दुपारच्याला." तिच्या मागं पावसाचा आवाज येत होता. "लई खारट झालंय की रं ते. दोन महिनं ही दोघं खात हुती, एकानं बी सांगितलं न्हाय."